नववी भूमिती: "मोजून समान आले" यात चूक काय? (कोनांची समानता आणि सिद्धता)

विश्रामबागची_आई (सांगली)

नमस्कार. मुलगा नववीत आहे, मराठी माध्यम. परवा घटक चाचणीचा पेपर घरी आला. भूमितीच्या तीन मार्कांच्या एका प्रश्नाला शून्य. पुस्तकात इंग्रजी अक्षरं असतात, मी इथे अ-ब-क घेते.

प्रश्न असा: म या बिंदूतून मअ, मब, मक, मड असे चार किरण याच क्रमाने निघतात. ∠अमक = ∠बमड दिलं आहे. ∠अमब = ∠कमड हे सिद्ध करा.

पोरानं कोनमापक लावला. दोन्ही कोन 35 अंश भरले. त्यानं तसंच लिहिलं आणि खाली "आकृतीवरून स्पष्ट" अशी ओळ टाकली. बाईंनी लाल शाईनं "कारण?" एवढंच लिहिलंय. दोन दिवस झाले, तो एकच विचारतोय: "आई, उत्तर बरोबर आहे ना? 35 म्हणजे 35. मग चुकलं काय?"

मी कॉमर्सची, भूमिती सोडून वीस वर्षं झाली. दटावून गप्प बसवायचं नाहीये, कारण त्याचं म्हणणं मलाही पटतंय. कुणी नीट समजावून सांगाल का?

---

गुरुजी_सातारा

ताई, त्याला आधी सांगा की तुझं मोजमाप चुकलेलं नाही. मोजणं वाईट नाही, आपण मोजूनच अंदाज बांधतो. पण प्रश्नात विचारलेली गोष्ट मोजून मिळणारी नाही.

पेपरात छापलेली आकृती हा एक नमुना आहे. प्रश्न त्या नमुन्याबद्दल नसून असे चार किरण कुणीही, कुठेही, कसेही काढले तरी काय होईल याबद्दल आहे. तुमच्या मुलानं एका आकृतीचं उत्तर दिलं. दुसऱ्या मुलानं वहीत हीच आकृती थोडी पसरट काढली तर त्याला 35 मिळणार नाही, 28 मिळतील. तिसऱ्याला 41. सगळ्यांच्या वह्या कोण मोजत बसणार? शिवाय कंपासपेटीतल्या कोनमापकावर सर्वांत बारीक रेघ एका अंशाची असते. 35 आणि सव्वापस्तीस यांतला फरक त्यावर वाचताच येत नाही.

आता सिद्धता. वहीत अशी उतरवू द्या:

ब हा ∠अमक च्या अंतर्भागात आहे, म्हणून ∠अमक = ∠अमब + ∠बमक
क हा ∠बमड च्या अंतर्भागात आहे, म्हणून ∠बमड = ∠बमक + ∠कमड
∠अमक = ∠बमड ... (पक्ष, म्हणजे प्रश्नात दिलेलं)
म्हणून ∠अमब + ∠बमक = ∠बमक + ∠कमड
दोन्हीकडून ∠बमक वजा करू: ∠अमब = ∠कमड

यात 35 कुठेच आलेले नाहीत. म्हणूनच ही सिद्धता सगळ्या वह्यांना लागू पडते.

इ. स. पूर्व 300 च्या सुमारास युक्लिड या ग्रीक गणितज्ञाने भूमितीची मांडणी केली, तेव्हा सुरुवातीलाच काही सर्वमान्य गोष्टी लिहून ठेवल्या. एकाच राशीशी समान असलेल्या राशी परस्परांशी समान असतात. समान राशींत समान राशी मिळवल्या तर बेरजा समान येतात. समान राशींतून समान राशी वजा केल्या तर उरलेल्याही समान असतात. बाईंनी "कारण?" विचारलं त्याचं उत्तर ही तिसरी गोष्ट आहे.

---

विश्रामबागची_आई (सांगली)

गुरुजी, मनापासून धन्यवाद. त्याला वाचून दाखवलं. वजाबाकी त्याला लगेच कळली, बीजगणितात रोज करतो म्हणाला. अडला तो पहिल्या दोन ओळींवर. "ब अंतर्भागात आहे हे तर दिसतंच, ते कशाला लिहायचं?" असं विचारतोय.

---

गुरुजी_सातारा

तिथेच तर सगळी गंमत आहे. 31 वर्षं शिकवलं. मुलं समानतेच्या ओळी सहसा चुकत नाहीत. चुकतात ते आख्खा कोन कोणत्या तुकड्यांचा बनलाय हे सांगताना, आणि ती ओळ बहुतेक जण लिहीतच नाहीत.

एक करून बघा. त्याला दोन रंगीत पेन्सिली द्या. तांबड्या पेन्सिलीनं ∠अमक रंगवायचा, निळ्यानं ∠बमड. मधल्या पट्ट्यावर दोन्ही रंग चढून तो जांभळा होईल, तोच ∠बमक. तांबडं अधिक जांभळं आणि जांभळं अधिक निळं समान आहे, तर जांभळं काढल्यावर काय उरतं, ते त्याचं तोच सांगेल. तीन अक्षरांनी कोन वाचायची सवयही अशीच लागते. नाहीतर मुलं ∠म असं लिहून मोकळी होतात. इथे म पाशी सहा वेगवेगळे कोन आहेत, त्यांतला कुठला?

"दिसतंच" याचं उत्तर मात्र सविस्तर द्यायला हवं. थोड्या वेळानं लिहितो.

---

मिरजेचा_बांधकामवाला

ताई, मी शाळेत भूमितीत कच्चाच होतो. पण आमच्या कामात हीच गोष्ट रोज येते म्हणून लिहितो.

पायाची लाईन-आउट करताना चुन्यानं चौकोन आखतो. समजा 30 बाय 40 फुटांचा. समोरासमोरच्या बाजू टेपनं मोजल्या, 30-30, 40-40 बरोबर भरल्या. नवा माणूस म्हणतो झालं. जुना गवंडी म्हणतो, थांब, कर्ण लाव. दोन्ही कर्ण 50 फूट आले तरच खड्डा खणायला घ्यायचा.

सुरुवातीच्या काळात माझ्याच एका कामात कर्ण लावायचा राहिला. बाजू मिळाल्या होत्या, डोळ्याला चौकोन अगदी गुण्यात, म्हणजे काटकोनात, दिसत होता. भिंती उठल्या, स्लॅब पडला, कुणाला काही कळलं नाही. फरशी बसवताना कळलं. एका कोपऱ्यात आख्खी फरशी बसली, दुसऱ्या टोकाला जाईस्तोवर भिंतीकडेला पाचर कापायला लागली. मालक भला माणूस, काही बोलला नाही. पण ती पाचर मला अजून दिसते.

आता मला शिकलेल्यांनी एक सांगा. बाजू समान आणि कर्णही समान म्हटल्यावर कोपरे काटकोनातच का येतात? आम्ही करतो ते गवंड्यानं शिकवलं म्हणून. कारण कुणी सांगितलं नाही.

---

कराडची_पोर

काका, मी सांगू? मी अकरावीला आहे आणि हे माझं आवडतं उदाहरण आहे.

तुमच्या चौकोनाचे कोपरे ओळीनं अ, ब, क, ड. कर्ण अक आणि बड. आता दोन त्रिकोण बघा, अबड आणि बअक. दोन्ही 40 फुटांच्या अब या बाजूवर उभे आहेत, एकमेकांवर चढलेले.

अब = बअ (सामाईक बाजू)
अड = बक (30 फूट, तुम्ही मोजले)
बड = अक (कर्ण, तुम्ही मोजले)

तिन्ही बाजू समान, म्हणून बाबाबा कसोटीनं △अबड ≅ △बअक. मग संगत कोन समान: ∠बअड = ∠अबक. म्हणजे अ आणि ब चे कोपरे सारखे झाले. पण सारखे म्हणजे काटकोन नव्हे, दोन्ही 80 चेही असू शकले असते. इथे तुमचं पहिलं मोजमाप कामी येतं. समोरासमोरच्या बाजू समान म्हणजे तो समांतरभुज चौकोन, अड आणि बक समांतर, आणि समांतर रेषांच्या छेदिकेच्या एकाच बाजूचे आंतरकोन मिळून 180. दोन समान कोनांची बेरीज 180, म्हणून प्रत्येक 90.

अक्षरांचा क्रम बघा. △अबड ≅ △बअक असंच लिहायचं, कारण पहिल्या त्रिकोणातला अ दुसऱ्यातल्या ब च्या जोडीला आहे. △अबड ≅ △अबक लिहिलं तर अ ची जोडी अ शी लागते आणि भलतेच कोन समान ठरतात. दहावीला माझा एक मार्क यातच गेला.

---

मिरजेचा_बांधकामवाला

पोरी, दोनदा वाचलं, कागदावर काढून बघितलं, आणि कळलं. बाजूंनी समांतर झालं आणि कर्णानं दोन कोपरे सारखे केले. दोन्ही एकत्र आल्यावर काटकोनाला पर्यायच उरला नाही. इतकी वर्षं मी नुसता टेप धरत होतो. आता गड्यांना कारण सांगेन.

---

कराडची_पोर

काका, तुमच्या पाचरीचा हिशोबही करून बघितला. बाजू 30 आणि 40 च आहेत, पण एक कर्ण 50 ऐवजी साडेपन्नास फूट आला, तर कोपरा जवळजवळ 91.2 अंशांचा होतो. डोळ्याला काहीच कळणार नाही. पण त्या सव्वा अंशानं 30 फुटांच्या भिंतीचं टोक साधारण साडेसात इंच सरकतं. दुसरा कर्ण तेव्हा साडेएकोणपन्नासच्या आसपास येतो, म्हणजे दोन कर्णांत एक फुटाचा फरक. कोपरा लपवतो ती चूक कर्ण दाखवतो.

---

वारणेकाठी

चर्चा छान चालली आहे, पण मला एक प्रामाणिक शंका आहे. दोन रेषा एकमेकींना छेदल्या की विरुद्ध कोन समान असतात, हे तर पाचवीच्या मुलालाही दिसतं. कात्री उघडली तरी दिसतं. जे उघड आहे ते सिद्ध करायला लावून आपण मुलांना भूमितीपासून दूर नेतो असं मला वाटतं. माझी मुलगी याच कारणानं वैतागली.

---

गुरुजी_सातारा

वारणेकाठी, तुमचं दुखणं मला कळतं. उघड गोष्टीची सिद्धता कोरडेपणानं फळ्यावर उतरवली तर मुलं नक्कीच दूर जातात. पण विरुद्ध कोनांची सिद्धता किती छोटी आहे बघा. छेदणाऱ्या रेषांचे चार कोन ओळीनं 1, 2, 3, 4. ∠1 आणि ∠2 रेषीय जोडीत (एकाच सरळ रेषेवर शेजारी-शेजारी), मिळून 180. ∠3 आणि ∠2 सुद्धा रेषीय जोडीत, मिळून 180. दोन्ही बेरजांत ∠2 आहे, तो काढला, ∠1 = ∠3. म्हणजे ताईंच्या मुलाचाच प्रश्न वेगळ्या कपड्यांत आला. हे प्रमेय परंपरेने थेलीस या ग्रीक विचारवंताच्या नावावर सांगतात, तो युक्लिडच्याही तीनेकशे वर्षं आधीचा.

रेषीय जोड शिकवताना मी कराडचा प्रीतिसंगम काढायचो. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येतात, जणू एकच रेषा, आणि एक होऊन पूर्वेकडे वळतात. त्या वळणाऱ्या प्रवाहाच्या दोन बाजूंचे कोन मिळून 180. प्रवाह थोडा कलला तर एक कोन वाढतो, दुसरा तेवढाच कमी होतो. मुलांना तेवढं पुरायचं.

आता सकाळचं राहिलेलं, "दिसतंच" याबद्दल. खाली एक खोटी सिद्धता देतो. साध्य: प्रत्येक त्रिकोण समद्विभुज (दोन बाजू समान असलेला) असतो. उघड खोटं आहे. चूक कुठे आहे ते शोधा.

त्रिकोण अबक. ∠अ चा दुभाजक आणि बक चा लंबदुभाजक प मध्ये मिळतात. कच्ची आकृती काढताना प त्रिकोणाच्या आत पडला. प मधून अब वर पम लंब, अक वर पन लंब.

△अपम ≅ △अपन (कोकोबा: दोन कोन आणि एक बाजू समान), म्हणून अम = अन आणि पम = पन
पब = पक (लंबदुभाजकावरचा बिंदू)
△पमब ≅ △पनक (कर्णभुजा: काटकोन त्रिकोणांत कर्ण आणि एक भुजा समान), म्हणून मब = नक
बेरीज करू: अम + मब = अन + नक
म्हणून अब = अक

---

वारणेकाठी

मी आणि मुलगी तासभर बसलो. एकरूपता सगळ्या बरोबर आहेत. कसोट्या तपासल्या, कारणं तपासली. चूक सापडत नाही, आणि उत्तर तर खोटं आहे! मुलगी आता वैतागलेली नाही, हट्टाला पेटली आहे. कृपया लगेच उत्तर सांगू नका.

---

कराडची_पोर

फक्त एक इशारा देते. पट्टी आणि कंपास घेऊन आकृती काटेकोर काढा. अब 8 सेंमी, अक 5 सेंमी घ्या.

---

वारणेकाठी

सापडलं! मुलीला सापडलं!

काटेकोर काढल्यावर प त्रिकोणाच्या आत येतच नाही, तो बक च्या पलीकडे बाहेर जातो. म हा अब वरच पडतो, पण न हा अक वर नाही, क च्या पुढे वाढवलेल्या रेषेवर पडतो. आम्ही मोजलं: अम आणि अन दोन्ही साडेसहा. मब आणि नक दोन्ही दीड. म्हणजे 8 = 6.5 + 1.5, पण 5 = 6.5 − 1.5. एका बाजूला बेरीज आहे आणि दुसऱ्या बाजूला वजाबाकी!

गुरुजी, सगळ्या समानता खऱ्या होत्या. खोटी होती ती "अक = अन + नक" ही ओळ, आणि ती तर कुणी लिहिलीच नव्हती, आकृतीकडे बघून सगळ्यांनी मनात धरली होती. मुलीनं तो कागद भिंतीला चिकटवलाय. माझी शंका मी मागे घेतो.

---

गुरुजी_सातारा

तिचं माझ्याकडून कौतुक करा. आता ताईंच्या मुलाला दाखवा की "ब अंतर्भागात आहे" ही ओळ का लिहायची. या खोट्या सिद्धतेत "न हा अ आणि क च्या मध्ये आहे" असं लिहायला घेतलं असतं, तर हात तिथेच थांबला असता.

---

तासगावचा_विद्यार्थी

सर, मीही नववीत आहे. दोन गोष्टी विचारू का? आमच्या पुस्तकात कुठे = असतं, कुठे ≅. दोन्हीत फरक काय? दुसरं म्हणजे, समद्विभुज त्रिकोणाचे समान बाजूंसमोरचे कोन समान असतात हे सिद्ध करताना मी कारण लिहिलं "समद्विभुज त्रिकोणाचा गुणधर्म". सरांनी ते खोडलं. का?

---

गुरुजी_सातारा

बाळा, पहिलं थोडक्यात. आकृत्या एकमेकींवर तंतोतंत बसतात तेव्हा त्या एकरूप, तिथे ≅. मापं म्हणजे संख्या, त्यांच्यामध्ये =. रेख अब ≅ रेख पफ, पण अब ची लांबी = पफ ची लांबी. एक खरं असलं की दुसरं खरंच असतं, म्हणून पुढे दोन्ही मिसळून वापरतात. = हे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श माणसानं 1557 मध्ये छापलं. दोन समांतर रेघांइतक्या समान अशा दुसऱ्या दोन वस्तू नाहीत, हे कारण त्यानं दिलं होतं. युक्लिडकडे हे चिन्ह नव्हतं, आणि अंशही नव्हते. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज तो "दोन काटकोन" अशी सांगतो.

दुसरं जास्त महत्त्वाचं आहे. जे सिद्ध करायचं तेच तू कारण म्हणून दिलंस. उसने पैसे फेडायला त्याच माणसाकडून पुन्हा उसने घेतल्यासारखं झालं ते, खात्यावर काहीच जमा झालं नाही. नेहमीचा मार्ग असा: अब = अक असलेल्या त्रिकोणात ∠अ चा दुभाजक काढ, तो बक ला ड मध्ये भेटू दे. अब = अक (पक्ष), ∠बअड = ∠कअड (रचना), अड सामाईक. बाकोबा (दोन बाजू आणि त्यांमधला कोन समान). म्हणून ∠ब = ∠क.

मला मात्र पॅपस या जुन्या ग्रीक गणितज्ञाच्या नावे सांगितली जाणारी सिद्धता सर्वांत सुंदर वाटते. एकही नवी रेघ काढायची नाही. एकाच त्रिकोणाकडे दोनदा बघायचं, एकदा △अबक म्हणून, एकदा △अकब म्हणून, आरशात बघावं तसं. अब = अक, अक = अब, आणि ∠अ दोन्हीत तोच. बाकोबानं △अबक ≅ △अकब, म्हणून ∠ब = ∠क. त्रिकोण स्वतःच्याच प्रतिबिंबाशी एकरूप होतो. पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो.

---

तासगावचा_विद्यार्थी

सर, एकाच त्रिकोणाचे दोन त्रिकोण धरलेले चालतात हे मला माहीतच नव्हतं. उद्या वर्गात दाखवतो.

---

विश्रामबागची_आई (सांगली)

सगळ्यांचे खूप आभार. रंगीत पेन्सिलींनी काम केलं. जांभळा पट्टा पाहिल्यावर त्यानं सिद्धता माझ्या मदतीशिवाय लिहिली. काल रात्री स्वतःहून एक विचारून बसला: "आई, प्रश्नात 'याच क्रमाने' असं का म्हटलंय? ब आणि क ची अदलाबदल केली तर?"

मग त्यानं मअ, मक, मब, मड असे किरण काढले. आता दिलेले दोन कोन एकमेकांवर चढतच नाहीत, त्यांच्यामध्ये मोकळी फट पडते. वजा करायला काही नाही म्हणून आधी गोंधळला. मग ती फटच दोन्हीकडे मिळवली: ∠अमक + ∠कमब = ∠कमब + ∠बमड, म्हणजे ∠अमब = ∠कमड. निष्कर्ष तोच आला, फक्त वजाबाकीऐवजी बेरजेनं! हे बरोबर आहे ना गुरुजी?

---

गुरुजी_सातारा

अगदी बरोबर. समान राशींत समान राशी मिळवल्या. ही वाट त्याला कुणी न सांगता सापडली. एकच विचारतो: क हा ∠अमब च्या अंतर्भागात आणि ब हा ∠कमड च्या अंतर्भागात आहे, हे त्यानं लिहिलंय का?

---

विश्रामबागची_आई (सांगली)

हो गुरुजी. आत्ता वही उघडून बघितली. पहिल्याच दोन ओळी आहेत त्या.